दिवाळीची सुटी आणि लहान मूल

प्रथम सत्राचे मूल्यमापन आटोपले, की प्राथमिक शाळांना दिवाळीची सुटी लागते. सुटीचे दिवस जिल्ह्याजिल्ह्यांत थोडे कमीअधिक असतात; परंतु सुटी लागण्याच्या दिवशी फळ्यावर लिहून दिला जाणारा मजकूर बहुधा सर्वत्र सारखाच असतो. शुद्धलेखनाची वीस पाने, पाढे दहा वेळा, आणि अखेरीस एक निबंध : ‘मी दिवाळीची सुटी कशी घालवली’. यांपैकी पहिली दोन कामे बहुतेक मुले शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकून टाकतात, हे आपण सर्व जाणतोच. निबंधाचे स्वरूपही ठरून गेलेले आहे. लाडू, करंज्या, नवे कपडे, फटाके आणि मामाचे गाव एवढ्या पाच वाक्यांत तो संपतो, आणि ज्या मुलाच्या घरी या पाचांपैकी काहीच घडले नाही, ते मूल एकतर शेजाऱ्याचे पाहून लिहिते किंवा वही घरी विसरल्याचे सांगते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस अध्यापनाचे ठरविले आहेत. म्हणजे वर्षातील शंभराहून अधिक दिवस मूल शाळेबाहेर असते आणि या दिवसांतही त्याचे शिकणे थांबलेले नसते. दिवाळीसारख्या सणात तर घरातील सर्व माणसे काही ना काही करीत असतात, आणि सहा-सात वर्षांचे मूल त्यांच्या पायांत घोटाळत प्रत्येक गोष्ट पाहत असते. सुटीत मूल जे पाहते, हाताळते व ऐकते ते शाळेच्या उपयोगी कसे आणावे, आणि तसे करताना एकाही मुलाला वर्गात मान खाली घालून बसण्याची पाळी येऊ नये म्हणून काय करावे, या दोन गोष्टींचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत नयी तालीमची मांडणी झाली, तेव्हा शिक्षण हे मुलाच्या भोवतालच्या कामातून व जीवनातून उभे राहावे हेच तिचे मुख्य सूत्र होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे शिंपले, बिया, पाने, दगड अशा जवळपास मिळणाऱ्या वस्तूंचीच शैक्षणिक साधने बनली, आणि जी मुले गुरे राखावयास जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर गेली. मूल ज्या ठिकाणी आहे त्या ठिकाणापासून शिकविण्यास आरंभ करावा, हा त्या कुरणशाळेचा धडा सुटीच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो.

सणाच्या दिवसांत घर काय शिकविते

एखादे सामान्य शेतकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आईवडील, आजी, पाचवीतील बहीण आणि पहिलीतील धाकटा मुलगा. खरिपाचे पीक घरात आले आहे किंवा येण्याच्या बेतात आहे, आणि ज्वारीची पेरणी नुकतीच झाली आहे. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, आजी गायवासराची पूजा करते. नातू विचारतो, “आज गाईची पूजा का?” आजीच्या उत्तरात शेण, दूध, बैल, नांगर असे सगळे घरचे अर्थशास्त्र येते. अकोले तालुक्यासारख्या डोंगराळ भागातील आदिवासी वस्त्यांत याच दिवशी वाघबारस पाळतात आणि गुराढोरांना सांभाळून ठेव म्हणून वाघाची पूजा करतात. कोल्हापूर, साताऱ्याकडे अंगणात शेणाच्या गवळणी व पांडव मांडतात. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कडू कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि नव्या भाताचे पोहे खातात. सण एकच असला तरी जमीन, पीक व जनावर यांप्रमाणे त्याचे रूप बदलते. परिसर अभ्यासाचा हा पाठ पुस्तकात शोधावा लागत नाही. गावातील दोन आज्यांना विचारले तरी तो तयार होतो.

त्यानंतर स्वयंपाकघर. शंकरपाळ्यांसाठी एक वाटी दूध, एक वाटी तूप व एक वाटी साखर घेऊन त्यात मावेल तेवढे पीठ भिजवावयाचे, ही रीत पुष्कळ घरांत तोंडपाठ असते. चकलीच्या भाजणीत तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन आणि उडदाची एक, असे एखाद्या घरचे प्रमाण असते. शेजारच्या घरी ते निराळे असते. ज्या आईस अक्षर येत नाही तिलाही हे प्रमाण बिनचूक येते. चार, दोन आणि एक यांची दुप्पट करावयाची तर किती, अर्धे करावयाचे तर किती, हा तिसरी-चौथीचा प्रश्न तिच्या हातावरचा आहे. लाटलेल्या पोळीवर कातण फिरवून जे तुकडे पडतात त्यांना भूमितीत समभुज चौकोन म्हणतात. बोलताना आपण त्या आकारालाच ‘शंकरपाळी’ म्हणतो. नाव मुलास अगोदरच ठाऊक आहे, तेव्हा शिक्षकाने फक्त चारही बाजू मोजून दाखवावयाच्या.

अंगणातील ठिपक्यांची रांगोळी हीसुद्धा गणिताची पाटीच होय. ‘सात ते सात’ अशी रांगोळी काढली, तर सात ओळींत सात सात मिळून ४९ ठिपके होतात. ‘सात ते एक’ काढली, तर मधल्या ओळीत सात, आणि तिच्या वर व खाली, मागील ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध एकेक ठिपका मांडीत, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक असे ठिपके येतात. त्यांची बेरीज मुलांकडून करून घ्यावी. तीही ४९ च भरते. दोन निराळ्या आकृत्यांत ठिपके सारखे कसे, हे कोडे पाचवीच्या मुलीने धाकट्या भावास समजावून सांगावे अशा योग्यतेचे आहे.

पणती लावताना तेल वातीतून वर कसे चढते, वारा आला की ज्योत कोणत्या बाजूस वळते, बांबूच्या कामट्या बांधून आकाशकंदील करताना चौकट वाकडी झाली तर कागद नीट का बसत नाही, हे प्रश्न मूल स्वतःच विचारते. ज्या भागात मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तेथे तर ही शाळा आठवडाभर चालते. दगड रचावयाचे, त्यांवर गोणपाट टाकून चिखल लिंपावयाचा, वर अळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडत राहावयाचे. दोन-चार दिवसांत कोंब दिसू लागतात, आणि बी रुजण्यास काय काय लागते हे मुलास सांगावे लागत नाही. शिक्षकाने सुटीपूर्वी एवढाच प्रश्न देऊन ठेवावा : “तुमच्या किल्ल्यावर राहणाऱ्या माणसांना पाणी कोठून मिळेल?” मग मुले टाके खणतात, तळे करतात. रायगडावर गंगासागर तलाव आहे. मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती खारे पाणी असलेल्या किल्ल्यात गोडी विहीर, हे ऐकून ज्या मुलास आश्चर्य वाटते त्याला इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांचे दार उघडून मिळाले असे समजावे. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, राजगड, रायगड, सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत व बारावा जिंजी तामिळनाडूत आहे. आपल्या तालुक्याच्या जवळ यांपैकी एखादा किल्ला असल्यास पालकांना त्याची माहिती अवश्य द्यावी; नसल्यास गावची गढी, वेस किंवा जुनी बारव पाहण्यास सांगावे. लहान मुलाच्या सहलीस मोठे नाव लागत नाही. त्याच्या वेगाने चालणारे व त्याच्या प्रश्नास थांबणारे एक वडील माणूस लागते.

मामाच्या गावाची वाट

भाऊबीजेच्या सुमारास पुष्कळ मुले आईबरोबर आजोळी जातात. बहुतेकांचा प्रवास एस.टी.ने होतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून ग्रामीण मुलाने पाहिलेले पहिले दूरचे जग बहुधा या गाडीच्या खिडकीतूनच पाहिले आहे. खिडकीशी बसलेल्या मुलास आईने वाटेतील गावांच्या पाट्या वाचावयास सांगितल्या, तर वाचनाचा असा सराव कोणत्याही पुस्तकाने होणार नाही. पहिलीतील मूल संपूर्ण नाव वाचू शकणार नाही. पण ‘पाटीवर आपल्या नावातले अक्षर कोठे दिसते’ हा खेळ ते आनंदाने खेळेल.

तिकिटाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे आहे. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून मोफत प्रवासाची, आणि स्त्रियांना २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत मिळाली आहे. पूर्ण तिकीट १०० रुपये धरले, तर वडील, आई, सहा वर्षांचा मुलगा व शहात्तर वर्षांची आजी यांचे मिळून किती होतात? वडिलांचे १००, आईचे ५०, मुलाचे ५०, आजीचे काहीच नाही, एकूण २००. चार माणसे व दोनच पूर्ण तिकिटांचे पैसे, ही गोष्ट मुलांना गंमतीची वाटते, आणि अपूर्णांकाचा व्यवहारातील उपयोगही कळतो. मुलांकडून प्रवासाचे तिकीट जपून आणवावे. वर्गात आलेल्या तिकिटांवरून अंतर, वेळ, भाडे यांची कित्येक उदाहरणे तयार होतात.

आजोळी गेलेले मूल आणखी एक गोष्ट सहज शिकते. तेथे भाषेचा हेल निराळा, भाकरीचे धान्य निराळे, विहिरीची खोली निराळी. माझ्या गावी असे आहे व मामाच्या गावी तसे आहे, अशी तुलना करता येणे हा भूगोलाचा पाया आहे. परत आल्यावर मूल मामाकडचा एखादा शब्द वर्गात बोलले, तर तो अशुद्ध म्हणून खोडू नये. फळ्यावर लिहावा आणि आपल्या गावी त्याला काय म्हणतात ते विचारावे.

चंद्राची नोंद

सुटीत करावयाचे एकच काम मुलांना द्यावयाचे असेल, तर ते चंद्र पाहण्याचे द्यावे असे मी सुचवितो. त्याला पैसा लागत नाही, पुस्तक लागत नाही, आणि ते कोठूनही करता येते. लक्ष्मीपूजन अमावास्येला होते, त्या रात्री आकाशात चंद्र नसतो. दोन दिवसांनी कार्तिक शुद्ध द्वितीयेला, म्हणजे भाऊबीजेला, आकाश निरभ्र असल्यास सूर्यास्तानंतर पश्चिमेस बारीक कोर दिसते व थोड्याच वेळात मावळते. जिला भाऊ नाही ती स्त्री या कोरीलाच ओवाळते, ही चाल मुलांनी पाहिलेली असते. त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत रोज दिवेलागणीला चंद्र कोठे दिसतो व केवढा दिसतो, एवढेच मुलाने वहीत, पाटीवर किंवा भिंतीवर कोळशाने काढून ठेवावे.

रोज चंद्र थोडा मोठा होतो, आणि दिवेलागणीच्या वेळी आकाशात थोडा पूर्वेकडे सरकलेला असतो. अष्टमीच्या सुमारास अर्धा चंद्र माथ्याच्या जवळपास असतो. पौर्णिमेस सूर्य मावळतो त्याच सुमारास तो पूर्वेस उगवतो. कोरीची उजळ बाजू नेहमी मावळत्या सूर्याकडे असते, हे मुलाने चार दिवसांच्या चित्रांवरून स्वतः शोधून काढले, तर चंद्राचा प्रकाश कोणाचा या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याला मिळाले. या महिन्याची पौर्णिमा कृत्तिका नक्षत्राजवळ होते म्हणून महिन्याचे नाव कार्तिक, हे वरच्या वर्गांना सांगावे.

याच नोंदीतून दुसऱ्या घरांच्या सणांकडेही जाता येते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. आपल्या पंचांगात सुमारे तीन वर्षांनी अधिक मास घालून ही तूट भरून काढतात, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पलीकडे जात नाही. इस्लामी कालगणनेत अधिक मास नाही, म्हणून रमजान ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. वर्गातील मुसलमान मुलाला सुटीनंतर ‘तू दिवाळीत काय केलेस’ असे विचारून गप्प करण्यापेक्षा, ईदेचा चंद्र घरी कसा पाहतात हे त्याच्याकडून ऐकावे. चंद्रदर्शनाविषयी त्याच्या घरात जेवढी उत्कंठा असते तेवढी क्वचितच दुसऱ्या घरी असेल. नाताळ साजरा करणारे मूल वर्गात असेल तर डिसेंबरमध्ये त्याची पाळी येईल.

ज्या घरची सुटी निराळी असते

आतापर्यंत जे कुटुंब आपण डोळ्यांसमोर ठेवले, त्याच्या घरी पीक आले आहे व सण गावातच होतो आहे. आपल्या शाळांतील कित्येक मुलांची स्थिती अशी नाही. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे त्यासाठी गाव सोडतात. काहींची दिवाळी गावात होते आणि पाडव्यानंतर बिऱ्हाड हालते. काहींची फडावर, कोपीतच होते. ठाणे, पालघर, रायगडकडील कातकरी कुटुंबे याच सुमारास वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. या मुलांच्या लेखी दिवाळीची सहल म्हणजे भांडीकुंडी, जनावरे व माणसे एकत्र लादलेल्या ट्रॉलीतील रात्रीचा प्रवास होय. काही मुले आजीजवळ गावातच राहतात. त्यांच्या दिवाळीत आईवडील नसतात.

अशा मुलासमोर ‘मी दिवाळीची सुटी कशी घालवली’ हा विषय ठेवला, तर त्याने काय लिहावे? त्याला सांगण्यासारखे काही नसते असे मुळीच नाही. ऊस तोडणे, मोळी बांधणे, वाढे वेगळे काढणे, गाडी भरणे, काट्यावर वजन करणे ही सर्व कामे त्याने जवळून पाहिलेली असतात. एका मोळीत किती ऊस, एका गाडीत किती मोळ्या, दिवसाकाठी किती खेपा, हे हिशेब त्याच्या घरी रोज बोलले जातात. आपण विचारलेला प्रश्नच त्याच्या अनुभवास वगळणारा असतो, म्हणून ते गप्प राहते. आणि वर्गात पुन्हा पुन्हा गप्प राहिलेले मूल हळूहळू शाळेतूनच कमी होते.

एका अवर्षणप्रवण तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत मी जे पाहिले ते येथे नमूद करतो. तेथील शिक्षिकेने सुटीनंतर भिंतीवर कागदाचा एक मोठा तक्ता लावला व मुलांस एकच प्रश्न विचारला : “सुटीत पाहिलेली सर्वांत उंच गोष्ट कोणती?” देवळाचा कळस, मामाच्या गावचा मनोरा, पाण्याची टाकी, चिंचेचे झाड, अशी उत्तरे आली व चित्रे निघाली. तक्त्याच्या एका बाजूस तिने मुद्दाम मोकळी जागा ठेवली होती. गुढीपाडव्यानंतर फडावरून मुले परतली, तेव्हा तोच तक्ता तिने पुन्हा खाली घेतला व त्यांनाही तोच प्रश्न विचारला. दुसरीतील एका मुलाने कारखान्याचे धुराडे काढले आणि त्याच्या पायथ्याशी ओळीने गाड्या काढल्या. किती गाड्या काढल्यास, असे विचारता त्याने न अडखळता चाळीसपर्यंत मोजून दाखविले. सहा महिने त्याच्या हजेरीपुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या. परंतु तो काही शिकला नव्हता असे म्हणता आले नाही. पुढील पाठ त्या शिक्षिकेने त्या चाळीस गाड्यांपासूनच सुरू केला.

सुटीपूर्वी करावयाची कामे

सुटी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात पालकांची एक छोटी सभा घ्यावी. ती संध्याकाळी, मजुरीवरून माणसे परतल्यावर घ्यावी. तीत तीनच गोष्टी सांगाव्यात. काम करताना मुलाशी बोलावे. कामातील एखादा लहान वाटा, मग तो पणत्या मोजून ठेवण्याचा असो वा दिव्याच्या वाती वळण्याचा, त्याच्यावर सोपवावा. आणि त्याने प्रश्न विचारल्यास ‘गप्प बस’ न म्हणता येईल तसे उत्तर द्यावे. आपण शाळेत गेलो नाही म्हणून मुलास काही शिकवू शकत नाही, अशी कित्येक पालकांची समजूत असते. ती दूर करणे हे आपले काम आहे.

त्याच सभेत दहा मिनिटे सुरक्षिततेसाठी द्यावीत. लहान मुलाने फटाके एकट्याने उडवू नयेत. न उडालेला फटाका पुन्हा हातात घेऊ नये. अंगावर सुती कपडे असावेत व जवळ पाण्याची बादली असावी. भाजल्यास त्या जागेवर सुमारे वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी, त्यावर शाई, दंतमंजन वा हळद लावू नये, आणि भाजणे मोठे असल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. आजोळच्या अनोळखी विहिरीवर व नदीवर मुलास एकटे सोडू नये, हेही अवश्य सांगावे.

जी कुटुंबे स्थलांतर करणार आहेत त्यांची यादी सुटीपूर्वीच करावी; सुटीनंतर ती करून उपयोग होत नाही. कोठे जाणार, किती महिने, बरोबर कोणती मुले, पालकांचा दूरध्वनी क्रमांक कोणता, एवढे लिहून घ्यावे. ज्या गावात समग्र शिक्षा योजनेतून हंगामी वसतिगृह मंजूर होऊ शकते, तेथे प्रस्ताव वेळेत पाठवावा, म्हणजे मुले गावात राहू शकतील. जी मुले जाणारच, त्यांच्याबरोबर पाठ्यपुस्तके, एक वही व पेन्सिल द्यावी. २००९ च्या अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे मुलास दुसऱ्या शाळेत जावयाचे असल्यास मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट पालकांस तोंडी समजावून सांगावी, कारण फडाजवळच्या शाळेत ‘दाखला आणा’ असे कोणी म्हटल्यास ते मूल तेथूनच परत फिरते.

शाळा उघडल्यावर

पहिल्या दिवशी वह्या तपासण्यास बसू नये. मुलांना गोलाकार बसवावे व बोलू द्यावे. प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावे. घरी काय आणले, काय घेतले, किती फटाके उडविले, असे ज्यांचे उत्तर घरच्या ऐपतीवर अवलंबून आहे ते प्रश्न टाळावेत. काय पाहिले, काय ऐकले, हाताने काय केले, कोणी काय शिकविले, असे प्रश्न विचारावेत. ‘सुटीत ऐकलेला सर्वांत मोठा आवाज’, ‘पहाटे उठल्यावर प्रथम काय दिसले’, ‘आजीने सांगितलेला एक नवा शब्द’, ‘मी मोजलेली गोष्ट’ यांवर प्रत्येक मुलास काहीतरी सांगता येते. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढावे आणि त्याखाली शिक्षकाने मुलाच्याच शब्दांत एक वाक्य लिहावे. तेच त्याचे वाचनाचे पान होते. तिसरीपासून पुढे मुलांनी स्वतः पाच-सहा वाक्ये लिहावीत. चंद्राच्या नोंदी भिंतीवर क्रमाने लावाव्यात. ज्या दिवशी ढग होते त्या दिवशीचा रिकामा चौकोनही तसाच ठेवावा, कारण न दिसलेले काल्पनिक काढू नये हाही निरीक्षणाचा नियम आहे.

जे मूल बोलत नाही त्याला सर्वांसमोर उभे करून बोलण्याचा आग्रह धरू नये. त्याच्या हाती खडू द्यावा, माती द्यावी, किंवा दुसऱ्या दिवशी वाटेत चालताना सहज विचारावे. आणि जी मुले अद्याप परतली नाहीत त्यांची नावे हजेरीत वाचावीत, ती कोठे आहेत हे वर्गास सांगावे, शक्य असल्यास आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर त्यांच्याशी दोन शब्द बोलावे. आज चंद्र केवढा दिसला, एवढे विचारले तरी पुरे. ज्या दिवशी तुमच्या वर्गास तो दिसतो, त्या दिवशी तो फडावरील मुलासही दिसत असतो, आणि आपली शाळा आपल्याला विसरली नाही हे त्यास त्या प्रश्नावरून कळते.

येत्या केंद्र संमेलनास येताना प्रत्येक शाळेने सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यातील मुलांची तीन चित्रे किंवा लेख बरोबर आणावेत. त्यांत परतलेल्या किंवा दूर असलेल्या निदान एका मुलाचे काम असावे. त्यावरूनच आपण पुढील सत्राच्या पाठांची चर्चा करू.